संख्याशास्त्राचे टक्केटोणपे

वयाच्या चौपन्नाव्या वर्षी एखादा गृहस्थ पेटी शिकू लागला तर लोक कौतुक करतात, संस्कृत शिकू लागला तर आदराने पाहतात; परंतु तो संख्याशास्त्र शिकू लागला तर त्याच्या घरी सर्व ठीक आहे ना, अशी चौकशी होते. आमचीही झाली. मराठी विषय घेऊन एम.ए. झालेला, तीस वर्षे व्याकरण आणि वृत्ते शिकविलेला मुख्याध्यापक रविवारी सकाळी छत्री आणि वही घेऊन महाविद्यालयाकडे निघतो, याचा अर्थ आमच्या गल्लीला लागेना. एका शेजाऱ्यांनी तर निवृत्तीनंतर विमा एजंट होण्याचा विचार दिसतो, असे निदान करून टाकले.

खरे कारण निराळे होते आणि ते तितकेसे अभिमानास्पद नव्हते.

२०२३ च्या डिसेंबरात मुख्याध्यापकांच्या एका कार्यशाळेत ‘निकाल कसा उंचावला’ या विषयावर बोलण्याचा मान आम्हांस मिळाला. अशा प्रसंगी सांगावयाची आमची एक ठरलेली गोष्ट होती. २०१५ साली आमच्या शाळेचा दहावीचा निकाल ९४.१ टक्के लागला. गणिताच्या शिक्षकांचा आम्ही शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. पुढच्याच वर्षी निकाल ७३.३ टक्क्यांवर घसरला, आणि नापास झालेली सर्व मुले गणितातच राहिली होती. आम्ही त्या शिक्षकांना लेखी मेमो दिला, त्यांचे उत्तर ‘समाधानकारक नाही’ असा शेरा मारून वर पाठविले आणि त्याची नोंद त्यांच्या सेवापुस्तिकेत झाली. २०१७ साली निकाल पुन्हा ९३.८ टक्के! सत्काराने माणूस सैलावतो, मेमोने सावध होतो, हे या गोष्टीचे सार आम्ही किती व्यासपीठांवरून सांगितले असेल, त्याची गणती नाही. टाळ्या नेहमी मिळत.

त्या दिवशीही मिळाल्या. मग मागच्या रांगेतील एक तरुण शिक्षक उभे राहिले आणि अतिशय नम्रपणे त्यांनी विचारले, “सर, ७३ टक्के लागला त्या वर्षी मुलं किती बसली होती?”

“पंधरा.”

“आणि आदल्या वर्षी?”

“सतरा.”

“मग टक्के कशाला काढायचे, सर? नावंच वाचून दाखवता आली असती की.”

सभागृहात थोडी खसखस पिकली. आम्हीही हसलो. परंतु रात्री झोप आली नाही. सतरा मुलांच्या वर्गात एका मुलाच्या अंगावर जवळजवळ सहा टक्के बसतात, हे भागाकार येणाऱ्या कोणालाही कळावे. ते आम्हांला आठ वर्षांत एकदाही सुचले नव्हते. पुढल्या जूनमध्ये आमच्या बेळगावातील एका महाविद्यालयाने पदवीच्या पहिल्या वर्षाच्या धर्तीवर, कोणासही बसता येईल असा, सोळा रविवारांचा प्रास्ताविक संख्याशास्त्राचा वर्ग उघडला, तेव्हा आम्ही निमूटपणे नाव नोंदविले.

वर्गात आम्ही तेवीस जण. बहुतेक अठरा-वीस वर्षांची मुले-मुली, बँकेतील दोन कारकून, रुग्णालयातील एक परिचारिका आणि आम्ही. शिकविणाऱ्या बाई आमच्या थोरल्या कन्येच्या वयाच्या. मुले त्यांना ‘मॅडम’ म्हणत. आमच्या तोंडून ‘बाई’च येई. त्या आम्हांला ‘सर’ म्हणत. वर्गात प्रश्न विचारून “सांगा बघू, सर” असे त्या म्हणाल्या की उठून उभे राहावे की बसूनच उत्तर द्यावे, हा पेच पहिले तीन रविवार सुटला नाही.

पहिला धडा सरासरीचा. सरासरी आम्ही जन्मभर काढीत आलो. तीत शिकण्यासारखे ते काय? बाईंनी फळ्यावर आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण घातले. पश्चिमेकडे खानापूर तालुक्यात, कणकुंबीला, घाटमाथ्याचा पाऊस असा कोसळतो की घराबाहेर पाऊल टाकता येत नाही. पूर्वेला अथणीकडचा शेतकरी त्याच दिवसांत आभाळाकडे डोळे लावून बसतो. दोहोंची बेरीज करून दोनांनी भागले की जी सरासरी येते, तेवढा पाऊस या दोहोंपैकी कोठेच पडत नाही. कणकुंबीकर भिजलेलाच राहतो, अथणीकर कोरडाच. सरासरी मात्र समाधानाने कागदावर बसते.

म्हणून सरासरीच्या जोडीला विखुरणी मोजावी लागते. पाच मुलांना ४८, ४९, ५०, ५१, ५२ गुण मिळाले आणि दुसऱ्या वर्गातील पाचांना १०, ३०, ५०, ७०, ९०. दोन्ही वर्गांची सरासरी ५०. वार्षिक अहवालात दोन्ही वर्ग जुळ्या भावंडांसारखे दिसतील. पण पहिल्या वर्गाला एकच शिक्षक पुरेल, दुसऱ्याला तीन हवेत. प्रत्येक मुलाचे सरासरीपासूनचे अंतर घ्यावे, त्याचा वर्ग करावा, सर्वांची बेरीज करून भागावे आणि वर्गमूळ काढावे, म्हणजे प्रमाण विचलन हाती येते. पहिल्या वर्गाचे ते १.६ भरले, दुसऱ्याचे ३१.६. विचलन हा शब्द आम्ही आजवर मनाच्या संदर्भातच वापरीत होतो. त्या दिवशी तो दोन्ही अर्थांनी लागू पडला, कारण इतक्या वर्षांच्या अहवालांत आम्ही हा दुसरा आकडा एकदाही लिहिलेला नव्हता.

येथे एक कोडे आले. मुले पाच, मग भागावयाचे पाचाने. पण पुस्तक सांगते, चाराने भागा. वर्गातील मुलांनी ‘सूत्रच तसं आहे’ म्हणून ते गिळले. आम्हांला व्याकरणाची सवय, कारण सांगितल्याशिवाय नियम पचत नाही. बाईंनी समजाविले की सरासरी एकदा ठरली की सगळी अंतरे मिळून शून्यच झाली पाहिजेत. म्हणजे चार अंतरे मोकळी, पाचव्याला स्वतःची इच्छा नाही, ते आपोआप ठरते. याला त्या ‘स्वातंत्र्याच्या मात्रा’ म्हणाल्या. आम्ही जवळजवळ ओरडलोच! अहो, हे तर मात्रावृत्त झाले. चरणाच्या एकूण मात्रा ठरलेल्या असल्या की कवी आरंभी हवे ते शब्द योजू शकतो; अखेरच्या शब्दापाशी मात्र त्याचे हात बांधलेले असतात, उरलेल्या मात्रा भरल्याच पाहिजेत. आम्ही हे बोलून दाखविल्यावर शेजारचा मुलगा म्हणाला, “काका, तुम्हाला हे आमच्याआधी कळलं की ओ!” इतके निखळ प्रमाणपत्र आम्हांला पुष्कळ वर्षांत मिळाले नव्हते.

नमुना काढण्याच्या प्रकरणाला आरंभ झाला, त्या दिवशी आमच्या पदरी आणखी एक मान आला. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यान आपणा सर्वांस ठाऊक आहे. बाहुकाच्या वेषातील नळ अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा रथ विदर्भाकडे हाकीत असता, वाटेत बेहड्याचा वृक्ष पाहून ऋतुपर्ण त्याच्या पानांची आणि फळांची संख्या सांगतो. नळाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवून, वृक्ष तोडून फळे मोजतो, तो संख्या बरोबर! ऋतुपर्ण म्हणतो, आपणास पाशांचे रहस्य अवगत आहे आणि गणनेतही आपण निपुण आहोत. पासे आणि मोजणी ही एकाच विद्येची दोन अंगे आहेत, हे पाश्चात्त्य गणितज्ञांच्या ध्यानी यावयास सतरावे शतक उजाडावे लागले. बाईंना ही कथा ठाऊक होती; पण फळे मोजल्यावर नळाने अश्वविद्या देऊन ती विद्या घेतली आणि मगच कली त्याच्या शरीरातून बाहेर पडला, हा भाग त्यांनी आमच्याकडून ऐकून घेतला.

आपल्या देशात या विद्येला आधुनिक रूप देणारे प्रशांतचंद्र महालनोबिस मूळचे पदार्थविज्ञानाचे. १९१५ च्या सुमारास केंब्रिजहून परतताना त्यांनी संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकाचे खंड बरोबर आणले आणि बोटीवर वाचून काढले. १९३१ साली कलकत्त्यास भारतीय सांख्यिकी संस्था उभी राहिली. त्यांचा जन्मदिवस २९ जून हा २००७ पासून सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो. हे सर्व पुस्तकांत आहे. आम्हांला अधिक ओढ लागली ती त्यांच्याशी वाद घालणाऱ्या मराठी माणसाची. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातील बुध गावचे, जन्म १९११. शेतातील पिकाचा अंदाज घेण्यासाठी सगळे शेत कापता येत नाही, म्हणून एक तुकडा आखून तेवढेच पीक कापतात व तोलतात. तुकडा केवढा असावा? महालनोबिसांचा कल लहान तुकड्याकडे होता, कारण त्यात श्रम आणि खर्च वाचतो. सुखात्म्यांनी प्रत्यक्ष प्रयोग करून दाखविले की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसते. कारण अगदी साधे आहे. आखलेल्या रेषेवर जे रोप येते ते आत धरावे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. आणि तुकडा जितका लहान, तितकी त्याच्या वाट्याला कड जास्त. सीमेवरच्या रोपाचे दुखणे आम्हां बेळगावकरांना निराळे समजावून द्यावे लागले नाही. पुढे सुखात्मे रोमला अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले.

दुसरे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे. १९०७ साली गोव्यात जन्मलेला हा गणिती पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवीत असता प्राचीन आहत नाणी तराजूत घालीत बसे. नाणे हातोहात फिरते, तसे ते झिजते. एका नाण्याची झीज काहीच सांगत नाही. ते मुळात हलके पडले असेल, कोणी घासले असेल. पण पुष्कळ नाणी तोलली की जितका काळ ती चलनात राहिली तितकी त्यांची सरासरी उतरलेली आणि विखुरणी वाढलेली दिसते. हे पडताळण्यासाठी कोसंबींनी आपल्या काळातील चालू नाणीही हजारोंनी तोलली. एकटे नाणे मुके, ढीग बोलका. ही गोष्ट ऐकत असता आमच्या मनात एकच विचार घोळत होता : पंधरा मुले हा ढीग म्हणावा काय?

उत्तर चहाच्या पेल्यातून आले. रोनाल्ड फिशर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने १९३५ च्या आपल्या ग्रंथात एक प्रयोग वर्णिला आहे. पेल्यात दूध आधी ओतले की चहा आधी, हे आपल्याला चवीवरून कळते असे एक बाई म्हणत. फिशरने आठ पेल्यांची कसोटी आखली. चार एका प्रकारचे, चार दुसऱ्या, क्रम सरमिसळ. आठांतून चार निवडण्याचे सत्तर प्रकार होतात, त्यांतला एकच पूर्ण बरोबर. म्हणजे नुसत्या अंदाजाने चारही ओळखण्याचा संभव सत्तरांत एक. आमच्याकडे दूध आणि चहा एकत्रच उकळतो, तेव्हा वर्गाने प्रयोग बदलला. म्हशीच्या दुधाचा चहा आणि पिशवीच्या दुधाचा चहा यांतला फरक आम्ही डोळे मिटून सांगू, असे आम्ही मागे एकदा बोलून गेलो होतो. मुलांनी ते लक्षात ठेवले होते. आठ पेले समोर आले. आम्ही गंभीर मुद्रेने चार निवडले. तीन बरोबर निघाले! आम्ही विजयाने सभोवार पाहिले. बाईंनी खडू उचलला. चहाची काही जाण नसलेल्या माणसाचे तीन किंवा चार पेले बरोबर येण्याचे प्रकार सतरा, एकूण सत्तर. म्हणजे दर चारांत एका अडाण्याला जवळजवळ हेच यश मिळेल. “तुमची जीभ चांगली असेलही, सर,” त्या म्हणाल्या, “पण आठ पेल्यांत तीन बरोबर यावरून ते सिद्ध होत नाही.”

घरी येऊन हे सांगितले तेव्हा सौ. म्हणाल्या, “मी हे लग्नापासून सांगते आहे.”

मग तेरावा रविवार उजाडला. प्रत्येकाने आपल्या कामातील काही आकडे आणावयाचे होते. परिचारिकेने रुग्णांच्या तापाचे आणले, कारकुनांनी रांगेत लागणाऱ्या वेळाचे. आम्ही तीन ओळी लिहून नेल्या. २०१५ : बसलेले १७, उत्तीर्ण १६. २०१६ : बसलेले १५, उत्तीर्ण ११. २०१७ : बसलेले १६, उत्तीर्ण १५. ‘एका शाळेचे आकडे’ एवढेच म्हटले. कोणत्या, ते सांगितले नाही.

बाईंनी पहिल्या दोन ओळी घेतल्या. दोन वर्षांची मिळून मुले बत्तीस, नापास पाच. समजा, दोन्ही वर्षांच्या शिकविण्यात तिळमात्र फरक नव्हता आणि ही पाच मुले केवळ दैवयोगाने या वर्षात किंवा त्या वर्षात पडली. याला शून्य गृहीतक म्हणतात. म्हणजे आरोपी निर्दोष आहे असे धरून चालणे. मग सतरांच्या गटात एकच किंवा एकही नापास न येण्याचा संभव किती? हिशेब चहाच्या पेल्यांचाच, फक्त आकडे मोठे. बत्तिसांतून पाच निवडण्याचे २,०१,३७६ प्रकार. त्यांपैकी इतके किंवा याहून एकांगी पडणारे २६,२०८. शेकडा तेरा. म्हणजे शिक्षकाने दोन्ही वर्षी अगदी सारखेच शिकविले असते तरी आठांत एकदा एवढी घसरगुंडी दिसलीच असती. विसांत एकदाहून अधिक वेळा जे नुसत्या दैवाने घडू शकते, त्यावरून कोणावर ठपका ठेवू नये, असा या शास्त्रातील सर्वसाधारण दंडक आहे.

“म्हणजे मास्तरांनी उत्तम शिकवलं, असं यावरून ठरत नाही हं,” बाईंनी बजाविले. “आकडे काहीच सांगत नाहीत, एवढंच ठरतं.”

“पण मेमो वगैरे दिला असेल तर अन्याय झाला की ओ,” मागून कोणी मुलगा म्हणाला. त्याला काहीही ठाऊक नव्हते. आम्ही वहीत तारीख लिहीत राहिलो.

त्या रात्री विश्वास ठेवावयास मन घेईना, म्हणून स्वयंपाकघरातून बत्तीस चिंचोके आणले. पाचांना चुना फासला. पिशवीत घालून हलवावे, न पाहता सतरा काढावे, पांढरे किती ते मोजावे. सौ. समोर बसून वहीत रेघा ओढीत होत्या. शंभर वेळा केले, साडेबारा वाजले. एकच पांढरा किंवा एकही नाही, असे बारा वेळा आले. एवढे सगळे कशासाठी, असे सौं.नी विचारले तेव्हा प्रथमच आम्ही ती मेमोची हकीकत घरात सांगितली. त्या काही बोलल्या नाहीत. चिंचोके गोळा करून डब्यात ठेवले.

उरली गोष्ट २०१७ च्या चढत्या निकालाची, जिच्यावर आमची टाळ्यांची सगळी कमाई उभी होती. तिचा निकाल पुढच्या रविवारी लागला. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रजाने १८८६ साली २०५ जोडप्यांच्या ९२८ प्रौढ अपत्यांच्या उंचीचा अभ्यास प्रसिद्ध केला. उंच आईबापांची मुले उंच निघाली, पण आईबाप सर्वसाधारण उंचीपेक्षा जेवढे वर होते त्याच्या सुमारे दोनतृतीयांशच वर. ठेंगण्यांची मुले तशीच मध्याकडे सरकलेली. या सरकण्याला मराठी परिभाषेत समाश्रयण असा भारदस्त शब्द आहे. जेथे जेथे गुण आणि दैव यांची भेसळ असते तेथे अतिशय वर गेलेले पुढच्या खेपेस बहुधा खाली येते आणि अतिशय खाली गेलेले वर येते. त्याला ना शाल लागते, ना मेमो.

डॅनिएल काहनेमन हे मानसशास्त्रज्ञ (त्यांना २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, २०२४ मध्ये ते निवर्तले) तरुणपणी इस्रायलच्या हवाई दलातील प्रशिक्षकांना शिकवीत होते. शाबासकीने शिकणारा सुधारतो, असे ते सांगत असता एक जुना प्रशिक्षक उठला. म्हणाला, आमचा अनुभव उलट आहे. उत्तम कसरत केलेल्या मुलाची स्तुती केली की पुढली कसरत बिघडते आणि वाईट केलेल्याला खडसावले की सुधारते. काहनेमननी त्या सर्वांना पाठीमागच्या लक्ष्यावर न पाहता दोनदा नाणे फेकावयास लावले. पहिल्या फेकीत ज्यांचे नाणे सर्वांत जवळ पडले त्यांपैकी बहुतेकांची दुसरी फेक बिघडली, ज्यांचे लांब पडले त्यांची सुधारली. आणि कोणी कोणाला काही बोलले नव्हते. तो जुना प्रशिक्षक आम्हांला फार ओळखीचा वाटला. आम्ही शाळेत त्याचीच खुर्ची अडवून बसलो होतो. माणूस उंचीवर असतानाच आपण त्याची स्तुती करतो आणि गर्तेत असतानाच रागावतो. म्हणून स्तुती निष्फळ व राग फलदायी, असा भ्रम जन्मभर टिकतो.

ते गणिताचे शिक्षक २०२१ साली निवृत्त झाले. आमच्याहून वयाने मोठे. खानापूर तालुक्यात आपल्या गावी शेती पाहतात. दसऱ्यानंतरच्या एका शनिवारी दुपारी आम्ही एस.टी.ने तेथे गेलो. बरोबर काय न्यावे हे कळेना. शेवटी कुंदा घेतला आणि वही घेतली. अंगणात भात वाळत घातले होते. त्यांनी स्वागत केले, पत्नीने चहा आणला. दूध कोणते, ते आम्ही ओळखण्याचा प्रयत्न केला नाही.

वही उघडून सर्व हिशेब समजावून दिला. ते गणिताचेच, दोन मिनिटांत त्यांना कळले. आम्ही म्हणालो, “मास्तर, त्या वेळी आमची चूक झाली.”

ते बराच वेळ वहीकडे पाहत होते. मग म्हणाले, “सर, मेमोच्या उत्तरात मी चार मुलांची नावं लिहिली होती. आठवतं?”

आम्हांला शेरा आठवत होता, नावे आठवत नव्हती.

“एकाचे वडील फेब्रुवारीत वारले. एकीला परीक्षेच्या आधी कावीळ झाली. एकजण जानेवारीपासून घरच्यांबरोबर ऊसतोडीला गेला, परीक्षेपुरता आला. तिघांची कारणं लिहिली होती मी. चौथ्याचं नुसतं नाव लिहिलं. कारण लिहिलं नाही.”

“का?”

“कारण नव्हतं. मुलगा रोज यायचा, पहिल्या बाकावर बसायचा. माझं शिकवणंच त्याच्यापर्यंत पोचलं नाही. तो माझ्यामुळे राहिला, सर.” त्यांनी वही मिटून आमच्याकडे सरकविली. “तुमच्या या चिंचोक्यांत तो बसतो का?”

आम्ही बाईंचे वाक्य सांगितले, आकडे काहीच सांगत नाहीत. ते म्हणाले, “मेमोनं मला तेवढं वाईट वाटलं नव्हतं. त्या पोराचं वाटलं होतं. आणि सत्काराच्या वर्षी जो एक नापास झाला, त्याचं तर कुणी विचारलंच नाही.” त्या एका मुलाचे नाव त्यांना पाठ होते. आम्ही ते विचारून वहीत, त्याच पानावर, लिहून घेतले. पाचही नावे आता तेथे आहेत. येथे ती छापणे योग्य नव्हे.

निघताना त्यांनी पिशवीत नव्या भाताचे पोहे घातले आणि एस.टी.च्या थांब्यापर्यंत आले. सेवापुस्तिकेतील शेरा काढून घेण्यासाठी आम्ही कचेरीला लिहिणार आहोत, असे सांगितले तेव्हा म्हणाले, “लिहा. माझ्या निवृत्तिवेतनात काही फरक नाही पडायचा. पण लिहा.”

परीक्षेचे राहिलेच. आम्हांला शंभरांत ६१ गुण मिळाले. वर्गाची सरासरी ६४, प्रमाण विचलन ९. म्हणजे आम्ही सरासरीच्या खाली, परंतु एका विचलनाच्या पुष्कळ आत. शेजारच्या त्या मुलाला ८२ मिळाले. बाईंनी आमच्या उत्तरपत्रिकेवर एका ठिकाणी लिहिले होते : ‘सूत्र चुकले, विचार बरोबर.’ आम्ही मुलांच्या वह्यांवर असा शेरा कधी लिहिल्याचे स्मरत नाही.

शाळेत परतल्यावर निकालाचा तक्ता आम्ही थोडा बदलला. टक्क्यांचा रकाना वरून मागितला जातो, तो ठेवावा लागतो. त्याच्या शेजारी बसलेल्यांची आणि उत्तीर्णांची संख्या आता मोठ्या अक्षरांत येते, मागील पाच वर्षांची मिळून बेरीजही येते, आणि मागच्या पानावर नापासांची नावे व प्रत्येकापुढे एक कोरी ओळ. ती ओळ वर्गशिक्षकांनी भरावयाची असते. बहुतेक जण भरतात. काही ओळी कोऱ्याच परत येतात, आणि त्या कोऱ्या ओळींविषयी आम्ही शिक्षकांशी चहाच्या सुट्टीत, दार लोटून, बोलतो. मेमोचे कोरे कागद कपाटात आहेतच; एक दोनदा हात तिकडे गेलाही होता.

कचेरीस पाठविलेल्या पत्राचे उत्तर चार महिन्यांनी आले. निवृत्त कर्मचाऱ्याच्या सेवापुस्तिकेतील नोंद कोणत्या नियमान्वये आणि कोणत्या नव्या पुराव्याच्या आधारे रद्द करावी, याचा खुलासा मुख्याध्यापकांनी करावा, असे त्यात म्हटले आहे. नियम आम्ही शोधीत आहोत. पुराव्यादाखल चिंचोक्यांचा तक्ता जोडावा, असे सौं.चे मत आहे. आम्ही २,०१,३७६ चा हिशेब स्वच्छ अक्षरांत पुन्हा मांडावयास घेतला आहे.